फाट्यावरची फांदी

सोमवारी सकाळी ऑफिसला निघालेल्या कुमुदला आर. के. पुरमच्या बसथांब्याजवळ, जिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात तिथे, कडुनिंबाची एक ताजी फांदी दिसली. फांदीवर मुठीएवढा धोंडा होता. दिल्लीच्या रस्त्यावर सकाळी काय काय पडलेलं असतं; शेंगांची टरफलं, कुणाच्या वरातीतला झेंडू, एखादी एकटीच चप्पल. त्यात एका फांदीचं काय एवढं? पण बाकीचं सगळं पडलेलं होतं आणि ही ठेवलेली होती. फांदीचा शेंडा सरकारी क्वार्टर्सच्या दिशेला होता. बस आली, कंडक्टरने दार बडवलं, शाली आणि डबे सांभाळत लोक चढले, बस गेली, आणि कुमुद तिथेच उभी राहिली. तीन वर्षं याच थांब्यावरून ती नऊ वीसची बस पकडत होती. तिच्यावर घड्याळ लावावं असं शेजारी म्हणायचे. त्या दिवशी ती ऑफिसात पन्नास मिनिटं उशिरा पोहोचली.

त्या खुणेचा अर्थ सबंध आर. के. पुरममध्ये फक्त तिलाच कळत होता, आणि हेच तिला भिववत होतं. साताऱ्याकडच्या डोंगरातली माणसं जत्रेला पायी निघाली, की पुढे गेलेला माणूस प्रत्येक फाट्यावर एक हिरवी फांदी ठेवतो आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर धोंडा ठेवतो. शेंडा ज्या बाजूला, ती वाट धरायची. मागून येणाऱ्याला कुणाला विचारावं लागत नाही. हे कुमुदला बारा वर्षांपूर्वी शेवंताने सांगितलं होतं. कुमुद पुण्याच्या सदाशिव पेठेतली; तिच्या माहितीतल्या रस्त्यांना पाट्या असायच्या. मंगळवारी तशीच फांदी पुढच्या चौकात दिसली, बुधवारी दुधाच्या बूथपाशी. रोज एक फाटा जवळ. कुमुदने बोटं मोजली. बासष्ट ते चौऱ्याहत्तर. शेवंताचा नवरा युद्धातून परतला नाही, त्याला बारा वर्षं भरली होती. बारा वर्षं ज्याची बातमी नाही, त्याचा दर्भाचा पुतळा करतात, पुतळ्याला अग्नी देतात आणि त्याच्या बायकोचं कुंकू पुसतात. येत्या अमावस्येला शेवंताच्या गावी हेच होणार, असं कुमुदच्या कानावर आलं होतं. त्याच्या आत कुमुदला तिच्याकडे जाऊन एक गोष्ट कबूल करायची होती. ती गोष्ट एका शब्दाची होती, आणि बारा वर्षांत कुमुदला ती जमली नव्हती.

ऑफिसात तोच शब्द टेबलावर येऊन बसला होता. कुमुदच्या विभागात सरकारी पत्रांसाठी इंग्रजी शब्दांचे मराठी पर्याय ठरवायचं काम चाले. एका शब्दाला एक कार्ड. वर इंग्रजी शब्द, खाली मराठी पर्याय, त्यांच्या अर्थातल्या बारीक छटा, आणि सर्वांत खाली एक वाक्य. या वाक्याबद्दल विभागप्रमुख दीनानाथांचा कडक नियम होता: वाक्य बनवायचं नाही. स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असलं पाहिजे, कुठे आणि कोणत्या साली ऐकलं ते लिहायचं, आणि खाली सही करायची. बनवलेल्या वाक्याला वास येत नाही, असं ते म्हणत. कुमुदची ‘एम’ची पेटी भरली होती. फक्त ‘मिसिंग’चं कार्ड महिनाभर कोरं होतं.

“कुमुदताई, तुमची गाडी एकाच सिग्नलला अडलीय,” दीनानाथ चहाचा कप हातात घेऊन तिच्या टेबलाशी आले. “रोजचा शब्द आहे हो. फाईल मिसिंग, पान मिसिंग, माझ्या कोटाचं बटन मिसिंग. ‘गहाळ’ लिहा आणि चलो, आगे बढो.”

“गहाळ वस्तू होते, साहेब. माणूस होत नाही.”

“मग ‘बेपत्ता’ लिहा. वाक्य काय, पेपरात शंभर सापडतील.”

“पेपरातलं चालत नाही. तुमचाच नियम.”

दीनानाथ हसले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचे थांबले. “सोमवारपर्यंत द्या,” एवढंच म्हणून ते गेले. कुमुदने कार्ड पुढे ओढलं. शब्द काय, पोतंभर होते तिच्याकडे. एम. ए.ला मराठीत पहिली आलेली बाई. शब्दांची मिजास तिला लहानपणापासून. गहाळ होतो तो कागद, आणि त्यात कारकुनाचा हलगर्जीपणा असतो. गायब म्हटलं की कुणीतरी केलं असा वहीम येतो. हरवतं ते जत्रेतलं पोर. त्याला शोधणारी आई त्या शब्दातच उभी असते. परागंदा माणूस लाजेने किंवा भीतीने स्वतः निघून गेलेला असतो. फरारीच्या मागे पोलीस असतात. गैरहजर माणूस उद्या येऊ शकतो. नाहीसा झालेला मुळात होता की नाही, अशी शंका यावी इतका पुसला जातो. आणि बेपत्ता, तो कुठेतरी असतो, पण ते कुठे, हे जगात कुणालाच सांगता येत नाही. मराठीतला प्रत्येक शब्द कुणाकडे तरी बोट दाखवत होता. इंग्रजी शब्द मात्र कुणाकडेच बघत नव्हता. जागा रिकामी आहे, एवढंच सांगून तो गप्प होता. कुमुदने पेन उघडलं, मिटलं. बाहेरच्या लांब व्हरांड्यात खिळ्यांचे बूट घातलेलं कुणीतरी सावकाश चालत गेलं. तिने मान वर करून पाहिलं, तेव्हा व्हरांड्यात फक्त ऊन पडलेलं होतं.

बूट त्या काळात खूप ऐकले होते तिने. लग्न होऊन दिल्लीला आली त्याच वर्षी चीनचं युद्ध पेटलं. त्या थंडीत सगळी दिल्ली जवानांसाठी स्वेटर विणत होती. बसमध्ये, ऑफिसात, दवाखान्याच्या रांगेत बायकांच्या सुया चालू असत. मराठी मंडळातल्या बायका आठवड्यातून दोनदा कॅन्टोन्मेंटमध्ये जाऊन जवानांच्या कुटुंबांना पत्रं वाचून दाखवत, लिहून देत. कुमुद त्याच्या पुढे गेली. तिने अक्षरवर्ग काढला. सात बायका होत्या, त्यांत शेवंता सर्वांत लहान, एकोणीस-वीसची. रुंद कपाळ, हातावर गोंदण, आणि पाटीवर इतकी दाबून लिहायची की पेन्सिलीचे तुकडे पडत. पहिला शब्द कुठला शिकायचा, असं कुमुदने विचारलं तेव्हा बाकीच्या बायकांनी देवाची नावं सांगितली. शेवंता खाली मान घालून म्हणाली, “आमच्या मालकांचं नाव.” नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, अशी तिच्या घरची रीत. पण लिहायला रीत आड येत नव्हती. तिने शेजारच्या सुभेदारणीला, कृष्णाबाईला, कोपरखळी मारली आणि कृष्णाबाईने नाव सांगितलं: संपतराव. पंधरा दिवसांत शेवंता ते नाव फरशीवर, राखेत, धुक्याने ओल्या झालेल्या खिडकीच्या काचेवर लिहू लागली. लग्नानंतर सासरी येताना तो बैलगाडीच्या पुढे पायी चालत होता आणि प्रत्येक फाट्यावर तिच्यासाठी फांदी ठेवत होता, हेही तिने तेव्हाच सांगितलं. “गाडीवानाला वाट ठावी हुती की,” ती लाजून म्हणाली होती. “त्यो माझ्यासाठीच ठेवीत हुता.”

तार आली ती भर दुपारी, वर्ग चालू असताना. तार इंग्रजीत. शेवंताने ती फोडली नाही, तशीच कुमुदच्या हातात दिली. सातही बायकांच्या पाट्यांवरच्या पेन्सिली थांबल्या. ईशान्य सरहद्दीवर, नेफातल्या कुठल्याशा नाल्यापाशी, अमुक तारखेपासून, मिसिंग. कुमुदने एकदा वाचलं, दोनदा वाचलं. सगळं पोतं तिच्या डोक्यात उपडं झालं होतं आणि त्यातला एकही शब्द त्या रुंद कपाळापुढे उच्चारण्यासारखा नव्हता. खरं सांगायचं तर दयेइतकीच त्यात भीतीही होती. समोरची बाई किंचाळेल, कोसळेल, आणि आपल्याला तिला धरावं लागेल, याची भीती. कुमुदने सर्वांत मऊ शब्द निवडला. शब्द सापडला याचा तिला त्या क्षणी किंचित आनंदही झाला होता, आणि तो आनंद तिने स्वतःला आजतागायत माफ केला नव्हता. ती म्हणाली, “घाबरू नकोस. तुझे मालक वाट चुकलेत.”

शेवंता किंचाळली नाही. तिने कुमुदच्या तोंडाकडे बघत विचारलं, “फाट्यावर कुनी खूण ठिवली न्हवती व्हय?”

पुढच्या वर्षी युद्धकैदी परत आले, त्यांत संपतराव नव्हता. सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली. सासरा न्यायला आला, शेवंता गेली नाही. वाट चुकलेला माणूस ओळखीच्या ठिकाणी परत येतो, म्हणाली. छावणीपासून चालत जाता येईल अशी मुनिरका गावात खोली घेतली आणि एका शाळेत पाणी भरायच्या कामाला लागली. हे सगळं कृष्णाबाईने एकदा सरोजिनीनगरच्या बाजारात कुमुदला सांगितलं. शेवटी म्हणाली, “तुमच्या शबदावर बसलीया ती.” कुमुदने त्यानंतर कॅन्टोन्मेंटकडे पाऊल टाकलं नाही. आधी दिवस गेले, मग अरुणा झाली, मग ही नोकरी. कारणांना काय तोटा. तीन वर्षांपूर्वी सरकारने क्वार्टर दिलं ते नेमकं आर. के. पुरममध्ये, मुनिरकाच्या कुशीत. नवऱ्याने, श्रीरंगने, पेढे वाटले. कुमुद तीन वर्षं भाजीसुद्धा उलट्या दिशेला जाऊन आणत होती.

गुरुवारी संध्याकाळी तिच्या ब्लॉकच्या जिन्यापाशी चौथी फांदी होती. जिन्याशी वाट फुटते. डावीकडे आठ घरं, उजवीकडे आठ. शेंडा डावीकडे होता, कुमुदच्या दाराकडे. श्रीरंग स्कूटर लावत होता. तो म्हणाला, “टोटका असेल, कुणीतरी केलेली करणी. हात लावू नकोस. झाडूवाला जमादार उचलेल सकाळी.” जेवताना त्याने महागाई भत्त्याचं काहीतरी सांगितलं. अरुणा गृहपाठाची वही घेऊन बसली होती. ती दिल्लीतच वाढलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि दोन्हींच्या मध्ये काही शब्द रोज सांडत होते.

“आई, मिसिंग म्हणजे गायबच ना?”

कुमुदच्या हातातला घास तसाच राहिला. “कुणी विचारलं तुला?”

“कुणी नाही. तूच म्हणत होतीस किचनमध्ये. गहाळ, हरवला, परा… परागंदा. आणि काय ते, वाट चुकला. हे सगळं सेमच असतं ना?”

“नसतं,” कुमुद म्हणाली, जरा जास्तच जोरात. श्रीरंगने वर पाहिलं. आपण स्वयंपाकघरात मोठ्याने बोलत होतो, हे कुमुदला माहीत नव्हतं. किती दिवस बोलत होतो, हेही विचारायचं धाडस झालं नाही तिला.

शुक्रवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. थांब्यावर उतरून घराकडे न वळता ती खुणांच्या उलट चालायला लागली, शेंड्याकडून देठाकडे. बसथांब्याच्या पलीकडेही फांद्या होत्या. मोठ्या रस्त्याच्या कडेला एक, नव्या बांधकामाच्या विटांच्या थप्पीपाशी एक, मुनिरकाच्या वेशीवरच्या पिंपळाखाली एक. दुपारचं ऊन छान पडलं होतं, बायका खाटांवर बसून वाटाणे सोलत होत्या, भाड्याच्या खोल्यांच्या गच्च्यांवर विद्यार्थ्यांचे पायजमे वाळत होते. भिण्यासारखं काही नव्हतं. तरी तिला वाटत राहिलं, की या खुणांच्या उलट चालणं बरं नव्हे. ज्याच्यासाठी त्या ठेवल्यात तो समोरून येत असेल, तर या अरुंद गल्लीत तो आपल्या अंगाला अंग घासून जाईल. एका बोळाच्या तोंडाशी तिला ओल्या लोकरीचा वास आला, अगदी नाकाशी, बासष्ट साली विणलेल्या स्वेटरांना धुतल्यावर येत असे तसा. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने वाट दिली. बोळातून कुणीच आलं नाही. एक म्हैस रवंथ करत तिच्याकडे पाहत होती. आपण रिकाम्या बोळाला वाट दिली, याची तिला लाज वाटली, पण भिंतीपासून पाठ सोडवायला थोडा वेळ लागलाच.

शेवटची फांदी ज्या दारात होती, ते दार उघडं होतं. शेवंता ट्रंकेला दोरी बांधत होती. केस कानशिलांवर पांढरे झालेले, कपाळ तसंच रुंद, त्यावर कुंकू. भिंतीवर खडूने, कोळशाने, कुठे नुसत्या नखाने एकच नाव लिहिलेलं होतं, जमिनीपासून तिचा हात पोहोचेल तिथपर्यंत.

“या बाई,” काल भेटल्यासारखं ती म्हणाली. “उद्या सकाळची गाडी हाय. दीर आल्यात न्यायला, मारुतराव. अमुशेला पुतळा करायचाय.”

कुमुदने बसायच्या आत बोलायचं ठरवलं होतं, नाहीतर तेही राहून गेलं असतं. “शेवंता, त्या तारेत ‘वाट चुकले’ असं नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं. त्यात ‘बेपत्ता’ असं होतं. कुठे आहेत कुणालाच ठाऊक नाही, असं.”

शेवंताने दोरीची गाठ दातांनी घट्ट केली. “ठावं हाय मला.”

“कधीपासून?”

“त्याच दिशी. कागूद तुमच्या हातात कापत हुता. वाट चुकल्याल्या मानसाची तार सरकार कशापायी धाडंल, बाई?”

कुमुदला खाली बसावंच लागलं. इतकी वर्षं जे ओझं ती एकटीने वाहत होती, ते समोरच्या बाईने पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं होतं. तिला हलकं वाटायला हवं होतं, आणि तसं काही वाटेना. “मग बारा वर्षं का बसलीस इथं? माझ्या एका शब्दासाठी?”

“मग कुनाच्या शबदासाठी बसू? सासरा म्हनला, मेला. हापिसातला बाबू म्हनला, कागद न्हाई. कृष्णाबाई म्हनली, इसर त्याला. तुमी एकल्यांनीच म्हटलं की त्यो चालतुया.” तिने ट्रंक उभी केली. “चालतुया म्हटल्यावर त्याला वाट दावायला कुनीतरी पायजे का नको? रोज सकाळी छावनीपासनं हितवर हिरवी फांदी ठिवत्ये. एक दीस खाडा न्हाई. आता गावाकडं पुतळा जाळतील, माझं कुकू पुसतील. पुसू द्या. पन पुतळा जाळल्यानं चालनारा मानूस थांबतुया व्हय? त्यो हितं यील, कुलूप बघंल. म्हनून खुना तुमच्या दारापातूर न्येल्या. थांब्यावर तुमाला बघून घर हुडकलं. सरकारात नोकरी तुमची, पत्ता पक्का. आन् शबूद बी तुमचाच हुता.”

हे ती रागाने बोलली असती तर कुमुदला सोपं गेलं असतं. ती अगदी सरळ बोलत होती, शेजारणीला किल्ली ठेवायला द्यावी तशी. कुमुदने विचारलं, “आले तर मी त्यांना काय सांगू?”

“पानी द्या आदी. मग सांगा, शेवंता गावाकडं ग्येली. गावची वाट त्यांस्नी ठावी हाय.” ती दारापर्यंत आली आणि एकदम बारा वर्षांपूर्वीसारखी लाजली. “आनी येक. तुमच्या दारावरनं फुडं जाया लागलं तर हाक मारा. मला नाव घ्येता येत न्हाई. तुमाला येतंय.”

परत येताना कुमुद खुणांच्या दिशेने चालत होती, आणि आता तिच्या मागे कुणीतरी होतं. तिने वळून पाहिलं नाही. पाहण्यात अर्थ नव्हता. दिसलं असतं तरी भीती, न दिसलं असतं तरी भीती. ती थांबली की मागचं चालणंही थांबे, पण जरा उशिराने, दमलेल्या माणसासारखं. चौकात तिने मुद्दाम पावलं हळू केली. भीतीच्या जोडीला तिला त्याची दयासुद्धा आली. बारा वर्षं चालतो आहे हा, आणि याला चालवलं कोणी? एका हुशार बाईला दुपारच्या वेळी रडारड नको होती, म्हणून. दुधाच्या बूथजवळची फांदी तिने ओलांडली, पायाने जराही न हलवता. तिला दीनानाथांचं कार्ड आठवलं. आता वाक्य तिच्याकडे होतं, शेवंताच्या तोंडचं. साल होतं, ठिकाण होतं, सहीसुद्धा करता आली असती. या विचारात ती खाली न पाहताच जिना चढली.

घरात अरुणा शाळेतून येऊन पाय हलवत ब्रेड खात होती. “आई, मी जिन्याखालचा कचरा साफ केला. ती फांदी होती ना, फेकून दिली. टोटका-वोटका काही नसतं, आमच्या मिस म्हणतात.”

“कधी?”

“आत्ताच. तू यायच्या आधी.”

कुमुदने पर्स टाकली आणि ती जिना उतरली. चपला घालायचं राहिलं. जिन्यापाशी वाट फुटत होती, डावीकडे आठ घरं, उजवीकडे आठ, आणि मध्ये नुसती झाडलेली फरशी. मागचं चालणं तिला ऐकू येत नव्हतं. कुठे गेलं ते? उजवीकडे? की पुढे, मोठ्या रस्त्याला, जिथून कुठेही जाता येतं? इतक्या लांबून येऊन शेवटच्या फाट्यावर त्याला खूण मिळाली नसेल, तर आता चूक नेमकी कुणाची, हे सांगायला शब्दकोश लागत नव्हता. ती समोरच्या कडुनिंबाकडे धावली, हात पोहोचेल ती फांदी ओरबाडून तोडली, कुंपणाच्या कडेचा धोंडा उचलला. गच्चीवर स्वेटर वाळत घालणाऱ्या शेजारीण अरोराबाईंनी वरून विचारलं, “कुमुदजी, क्या खो गया?” कुमुदने वर पाहिलं नाही. तिने फांदी फरशीवर ठेवली, शेंडा आपल्या दाराकडे केला, धोंडा नीट टेकवला. मग सरळ उभी राहून, ऐन दुपारी, सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल अशा आवाजात तिने हाक मारली, “संपतराव!” आणि उत्तरासाठी थांबली.